दफ्तरांचे राखणदार

सन १७०८ च्या जानेवारींत शाहू छत्रपतींनीं साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. तेथपासून १८४८ सालीं संस्थान खालसा होईपर्यंत एकशें चाळीस वर्षें कृष्णेच्या कांठच्या या मुलुखांत कागदामागून कागद लिहिला जात होता. किल्ल्यांवर जाणारे हुकूम, छावणींतून घरीं येणारीं पत्रें, वतनांचे महजर, सनदा, तहनामे, न्यायनिवाडे, जमाखर्च, लग्नाचीं आमंत्रणें, सावकारांचे तगादे, सर्व कांहीं त्यांत होतें. बोरूनें मोडी लिहावी, वर वाळू टाकून शाई वाळवावी, आणि काम झालें म्हणजे तो कागद इतर कागदांबरोबर रुमालांत बांधून ठेवावा, असा रिवाज होता. असे अनेक रुमाल मिळून एकेका घराण्याचें दफ्तर बने. वाई, मेणवली, सातारा, मिरज, सांगली या गांवीं अशीं दफ्तरें वाड्यांच्या माळ्यांवर व बळदांत पडून होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीं नष्ट होण्याच्या पंथास लागलीं, आणि त्याच सुमारास तीं वांचविण्यासाठीं आयुष्य वेंचणारीं कांहीं माणसें याच भागांत उभीं राहिलीं. त्या माणसांची व त्यांनीं स्थापिलेल्या संस्थांची हकीकत मोठी बोधप्रद आहे, आणि ती सर्वस्वीं आनंदाची आहे असेंहि नाहीं.

जुन्याचें रक्षण करण्यासाठीं लोकांनीं आपण होऊन संस्था काढाव्या, ही कल्पना त्या वेळीं इतर देशांतहि नवीनच होती. इंग्लंडांत विल्यम मॉरिस यानें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं १८७७ सालीं एक मंडळी स्थापिली. पुढें १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व पाद्री रॉन्स्ली या तिघांनीं मिळून नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली. तेथें प्रश्न होता तो जुन्या घरांचा, प्रार्थनामंदिरांचा व मोकळ्या माळांचा. आणि त्या मंडळींचा आग्रह असा कीं, जी वस्तु जेथें आहे तेथेंच ती राखावी. हिंदुस्थानांत लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला व लेण्यांस आणि देवळांस कांहीं आधार मिळाला. माळ्यावरच्या रुमालाकडे पाहणारा मात्र कोणी नव्हता. तो घरमालकाचा, त्यानें ठेवला तर राहावा, चुलींत घातला तर जळावा.

आणि घरमालक तरी तो कां ठेवील? याचें कारण समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनचें काम जोरानें सुरू झालें. ज्याच्यापाशीं पुरावा त्याचें इनाम, असा कमिशनचा रोख होता, आणि पुरावा अपुरा ठरून हजारों इनामें गेलीं. तेव्हांपासून जुना कागद ही भीतीची वस्तु झाली. कोणता कागद दाखविला असतां लाभ होईल व कोणता दाखविला असतां घात होईल, हें सामान्य इनामदारास कळेना. म्हणून त्यानें सर्वच कागद दडवून ठेवले. परक्या माणसानें दफ्तराची चौकशी केली कीं, कागद वाळवीनें खाल्ले, असें सांगावें. पुढें एक पिढी गेली, दुसरी गेली, भीति ओसरली. पण तोंपर्यंत घरांतील मुलें शाळेंत बाळबोध व इंग्रजी शिकूं लागलीं होतीं. आजोबांचें मोडी हस्ताक्षर नातवास लागेनासें झालें. ज्याचा उपयोग नाहीं व जें वाचतां येत नाहीं, त्याचें ओझें कोण वाहील? मग वाळवीनें खाल्ले ही थाप खरी होऊं लागली.

साताऱ्याच्या कागदांचा पहिला मोठा उपयोग एका परकीयानें केला, हीहि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. १८१८ ते १८२२ या काळांत साताऱ्यास रेसिडेंट असलेला कॅप्टन जेम्स ग्रँट डफ यानें छत्रपतींच्या व सरदारांच्या संग्रहांतील कागद पाहून मराठ्यांचा इतिहास लिहिला व तो १८२६ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झाला. त्याची मेहनत कोणीहि नाकबूल करूं नये. परंतु त्यानें काय पाहिलें, काय वगळलें, हें पडताळण्याचें साधन महाराष्ट्रांत पुढें पन्नास वर्षें कोणापाशीं नव्हतें. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्यानें १८६७-६८ च्या सुमारास त्या ग्रंथावर जी टीका केली, तिनें हा सल प्रथम उघडपणें बोलून दाखविला. त्यानंतर काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८७८ सालीं काव्येतिहाससंग्रह हें मासिक काढून बखरी व जुनीं पत्रें छापण्यास आरंभ केला. तें दहा वर्षें चाललें. त्या अंकांचे वाचक जिल्ह्याजिल्ह्यांत होते, आणि आपल्या गांवींहि असेंच कांहीं पडलें असेल, ही जाणीव त्यांच्यांत उत्पन्न झाली हें त्या मासिकाचें मोठें कार्य होय.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस वाईस सांपडलेल्या कागदांत पानिपतच्या मोहिमेच्या काळचीं अस्सल पत्रें होतीं. तीं त्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें या मालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केलीं, आणि त्यास विस्तृत प्रस्तावना जोडली. पुढें त्या मालेचे बावीस खंड झाले. राजवाडे गांवोगांव हिंडत, मिळेल तें खात, आणि दफ्तर पाहावयास मिळावें म्हणून दारोदार विनवीत. नकार मिळाला म्हणजे त्यांचा संतापहि तितकाच मोठा असे. एका माणसाच्या पायपिटीनें हें काम संपणारें नाहीं, हें ओळखून त्यांनीं सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्यानें ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. कोणीहि कागद आणावा, सभेंत वाचून दाखवावा, त्यावर वाद व्हावा आणि मग तो छापावा, अशी मंडळाची रीत पडली. संस्थापकाचें व मंडळाचें पुढें जमलें नाहीं, राजवाडे दूर झाले. पण मंडळ टिकलें. संस्था उभारणारा गेला तरी संस्था चालते कीं नाहीं, हीच तिची खरी कसोटी, आणि या कसोटीस मंडळ उतरलें.

राजवाड्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. त्या मानानें मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांचें नांव आज फार थोड्यांच्या तोंडीं येतें, हा अन्याय होय. त्यांचा जन्म १८५८ सालीं कोंकणांत गुहागरास झाला, संस्कृताचें अध्ययन त्यांनीं साताऱ्यास केलें, आणि पुढें मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक म्हणून त्यांचें आयुष्य गेलें. मिरज ही पटवर्धनांची राजधानी. पटवर्धन हे पेशव्यांचे कर्नाटकावरचे सरदार. हैदर व टिपू यांच्याशीं झालेल्या मोहिमांत त्यांचीं पथकें वर्षानुवर्षें बाहेर असत, आणि छावणींतून घरीं पत्रें येत. त्याच घराण्यांतील चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ सालीं वांटणी करून सांगलीस वेगळे झाले. अशा घराण्याचें दफ्तर म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाची जणूं रोजनिशी. खऱ्यांच्या हातीं हें दफ्तर लागलें, आणि १८९७ सालीं त्यांनीं ऐतिहासिक लेखसंग्रह या नांवानें तें छापण्यास प्रारंभ केला.

हें काम वरवर पाहणारास सोपें वाटेल: मोडी कागद घ्यावा, बाळबोधींत उतरावा, छापखान्यांत द्यावा. प्रत्यक्षांत तें तसें नव्हतें. जुन्या खासगी पत्रावर बहुधा सालच नसे. “छ” हें अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहिलेला, म्हणजे अमुक महिन्याची अमुक तारीख एवढेंच कळे. वर्ष लिहिणारास व वाचणारास ठाऊक, मग तें लिहावें कशाला? जेथें साल असे तेथें बहुधा शुहूर सन, अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहिलेला. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. साल नसलेल्या पत्राचें वर्ष ठरवावयाचें तर त्यांतील मजकुरावरून: कोणाची फौज कोठें होती, कोणता सरदार तेव्हां हयात होता, कोणत्या किल्ल्यास वेढा पडला होता. एक पत्र चुकीच्या वर्षीं घातलें तर सगळी मोहीमच उलटी व्हावी. खऱ्यांनीं हजारों पत्रें अशीं जुळविलीं. शिवाय पत्रांच्या गटापूर्वीं त्या प्रसंगाचा इतिहास सांगणारी प्रस्तावना त्यांनीं लिहिली, त्यामुळें नुसत्या वाचकासहि तो संग्रह गोष्टीसारखा वाचतां येतो. साधनें छापणारांत हा गुण विरळा.

हें सर्व शाळामास्तरच्या मिळकतींत, शाळेचे तास संभाळून. त्यांच्या नाटकांस रंगभूमीवर कांहीं यश मिळालें होतें, नाना फडणविसांचें चरित्र त्यांनीं १८९२ सालींच लिहिलें होतें, इचलकरंजी संस्थानचा इतिहासहि त्यांच्या नांवावर आहे. तेव्हां लौकिकाचे दुसरे मार्ग त्यांस मोकळे होते. तरी ते मिरजेच्या दफ्तरास चिकटून राहिले. १९२४ सालीं त्यांचा अंत झाला तेव्हां लेखसंग्रहाचे बारा खंड झाले होते. पुढचे खंड त्यांचे चिरंजीव यशवंत वासुदेव खरे यांनीं काढले. खऱ्यांच्या मागें इमारत नाहीं, मंडळ नाहीं, नांवाची पाटीहि नाहीं. परंतु मिरजेचे मूळ कागद उद्यां नाहींसे झाले तरी त्यांतला मजकूर शेंकडों ग्रंथालयांत शिल्लक राहील. छापणें हेंहि जतन होय, हें त्यांनीं करून दाखविलें.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची प्रकृति अगदीं निराळी. ते १८७० सालीं जन्मले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. पण माणूस वश करण्याची विद्या मात्र पूर्ण होती. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र त्यांनीं १८९४ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं लिहिलें. सत्तावन्नच्या बंडास तेव्हां चाळीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या विषयास हात घालण्यांतलें धाडस कळेल. हरि नारायण आपट्यांबरोबर त्यांनीं भारतवर्ष हें मासिक चालविलें, आणि १९०८ पासून इतिहाससंग्रह हें स्वतःचें मासिक काढून त्यांत अस्सल कागद छापले. सातारा, सांगली संस्थान, महाबळेश्वर, जुनें पुणें यांवर त्यांनीं इंग्रजींत सुबक सचित्र पुस्तकें लिहिलीं. किंकेड या सिव्हिलियनाबरोबर मराठ्यांचा इतिहास तीन भागांत लिहिला. साताऱ्यांतील त्यांच्या बंगल्याचें नांव हॅपी व्हेल. तेथून संस्थानिक, जुने सरदार व इंग्रज अधिकारी या सर्वांशीं त्यांचा स्नेहसंबंध चाले.

या स्नेहाचा उपयोग त्यांनीं संग्रहासाठीं केला. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांचा कृष्णाकांठीं वाडा आहे. नाना म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांची स्मरणशक्ति. त्यांचें दफ्तर म्हणजे त्या काळच्या हिंदुस्थानच्या राजकारणाची किल्ली. तें मेणवली दफ्तर पारसनिसांच्या हातीं आलें. त्याशिवाय फर्मानें, जुनीं चित्रें, तसबिरी, हस्तलिखितें, नाणीं आणि हिंदुस्थानविषयींचे दुर्मिळ इंग्रजी ग्रंथ त्यांनीं जमविले. कांहीं विकत घेतलें, कांहीं भेट मिळालें, कांहीं पाहावयास म्हणून आलें आणि राहिलें. या शेवटच्या प्रकाराबद्दल त्या काळच्या अभ्यासकांत कुरकुर होती. कागद कोठून आला याची नोंद नीट ठेविली जात नाहीं, दुसऱ्या संशोधकास तो मोकळेपणें पाहूं दिला जात नाहीं, असा त्यांच्यावर आक्षेप होता. तो सर्वस्वीं निराधार म्हणतां येत नाहीं. मूळ ठिकाणाची खूण पुसलेला कागद अर्धा मुका होतो.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या घरांनीं राजवाड्यांस दारांतून परत लावलें, त्यांपैकीं कांहीं घरांत पारसनिसांस मानाचें आसन मिळालें असेल, तर तें त्यांच्या गोड बोलण्यामुळें व सरकारदरबारच्या वजनामुळें. जो कागद त्यांनीं नेला, तो निदान जळला नाहीं. संग्राहकाच्या लोभाला नांवें ठेवणें सोपें आहे. त्या लोभावांचून मेणवलीचे रुमाल कोणत्या चुलींत गेले असते, हें सांगणें कठीण आहे. खऱ्यांचा मार्ग अधिक निर्मळ, यांत शंका नाहीं. परंतु चित्र, तसबीर, फर्मानावरील मोहोर व सोन्याची वेलबुट्टी हीं बाळबोध अक्षरांत छापून राखतां येत नाहींत. तीं प्रत्यक्षच संभाळावीं लागतात, आणि तें काम पारसनिसांनीं केलें.

शेवटीं हा सर्व संग्रह एका माणसाच्या घरांत राहूं नये, हेंहि त्यांनीं ओळखलें. सरकारच्या साहाय्यानें १९२५ सालीं साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभें राहिलें. छत्रपतींच्या राजधानींत त्या राज्याचे कागद, त्यांच्यासाठींच बांधलेल्या वास्तूंत, सर्वांस पाहण्यास खुले झाले. हें सुख पारसनिसांस फार दिवस लाभलें नाहीं. ३१ मार्च १९२६ रोजीं ते निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास राजवाड्यांनीं देह ठेविला. खरे दोन वर्षांपूर्वींच गेले होते. अवघ्या तीन वर्षांच्या आंत ही पिढी संपली.

साताऱ्याच्या संग्रहालयाच्या नशिबीं पुढें जें आलें, त्याचा विचार प्रत्येक संस्था स्थापन करणारानें करावा. स्थापना झाली, परंतु राजवाड्यांच्या मंडळास जसे सभासद होते, तसे या संग्रहालयास नव्हते. त्याचा आधार म्हणजे एक कर्ता पुरुष व सरकारी अनुदान. कर्ता पुरुष गेल्यावर मोडी वाचून याद्या करील, अभ्यासकांस कागद काढून देईल, असें मनुष्यबळ गांवांत उभें राहिलें नाहीं. १९३९ सालीं पुण्याचें डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां सुरू झालें, तेव्हां पारसनिसांचा संग्रह साताऱ्याहून उचलून तेथें नेण्यांत आला. कागदांच्या दृष्टीनें पाहिलें तर हें बरेंच झालें. तेथें त्यांस विद्वान् मिळाले, अनुक्रम लागला, विद्यार्थी मिळाले. साताऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर चौदा वर्षांत गांवाच्या हातून आपली स्मृति गेली, आणि ती कोणी लुटून नेली नव्हती. ती संभाळावयास गांवांत कोणी उरलें नव्हतें.

याच्या उलट उदाहरण त्याच जिल्ह्यांत, त्याच दशकांत घडलें. औंधचे अधिपति भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि हे १९०९ पासून संस्थानचा कारभार पाहत होते. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढावी म्हणून १९१८ सालीं त्यांनीं एक लाख रुपये देण्याचें वचन दिलें. त्या आवृत्तीचें मुख्य काम पुरें व्हावयास १९६६ साल उजाडलें. वचन देणारा राजा १९५१ सालींच गेला होता. आपल्या संग्रहासाठीं मात्र त्यांनीं पुणें-मुंबई निवडली नाहीं. यमाईच्या डोंगराच्या उतारावर, औंध या लहानशा गांवींच, त्यांनीं श्रीभवानी संग्रहालय बांधून १९३८ सालीं तें उघडलें. राजा रविवर्म्याचीं चित्रें, जुन्या शैलींच्या चित्रमाला, हस्तिदंताचें व चंदनाचें कोरीव काम, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची मायलेंकरांची मूर्तिसुद्धां तेथें आहे. खेड्यांतल्या माणसानें देवीच्या दर्शनास यावें आणि जातां जातां जगांतील उत्तम कला पाहावी, अशी ती योजना. संस्थान गेलें, राजा गेला, संग्रहालय राज्यशासनाकडे आलें. परंतु तें औंधलाच राहिलें. इंग्लंडांतील ट्रस्टवाल्यांची वस्तु जेथल्या तेथें राखण्याची नीति या राजानें आपल्या परीनें आचरून दाखविली असें म्हणतां येईल. अर्थात् राजास जें साधतें तें शाळामास्तरास साधत नाहीं, हेंहि खरेंच.

साताऱ्यास संग्रहालयाची उणीव पुढें भरून निघाली. तेथील शिवाजी महाराज संग्रहालय १९७० सालीं सुरू झालें. २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयानें तीन वर्षांच्या बोलीनें धाडलेलीं वाघनखें प्रथम याच ठिकाणीं मांडण्यांत आलीं, आणि तीं पाहण्यास लोकांनीं गर्दी केली. हीं वाघनखें विलायतेस गेलीं तीं त्याच ग्रँट डफच्या घराण्यांतून. शिवाजी महाराजांनीं वापरलेलीं तीं हींच कीं काय, हें निश्चित सांगतां येत नाहीं, असें त्या लंडनच्या संग्रहालयाचेंच म्हणणें आहे. तीं डफच्या हातीं कोणीं, केव्हां व काय सांगून दिलीं, याचा एखादा समकालीन कागद असता तर हा वाद क्षणांत मिटला असता. शस्त्र टिकलें, त्याची चिठ्ठी टिकली नाहीं. आणि चिठ्ठीवांचून शस्त्र मुकें झालें. राजवाडे, खरे, पारसनीस हे तिघे ज्या चिठ्ठ्यांच्या मागें लागले होते, त्या याच.

मेणवलीचा वाडा व घाट अजून उभे आहेत. वसईच्या मोहिमेंतून आलेली पोर्तुगीज घंटा तेथें घाटावर टांगलेली आहे. वाईस येणारे प्रवासी ती हटकून पाहतात. नानांच्या कागदांचे रुमाल मात्र पुण्यास येरवड्याच्या बाजूला, डेक्कन कॉलेजांत आहेत, आणि साताऱ्याच्या अभ्यासकास ते वाचावयाचे असतील तर मोडी शिकून तेथवर जावें लागतें.